रक्तातील वायूंची तपासणी : आकडा खरा केव्हा?

फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला किंवा दम्याने धाप लागलेला रोगी मोठ्या इस्पितळात नेला की डॉक्टर बहुधा मनगटाच्या धमनीतून थोडे रक्त घेतात. त्या रक्तातील प्राणवायू, कर्बवायू व सामू यंत्रावर मोजतात. सामू हा शब्द माती परीक्षणामुळे आपल्या ओळखीचा आहे. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. विषाने श्वासाचे स्नायू दुबळे झाले की कर्बवायू साचतो आणि सामू उतरतो.

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. रोग्यांच्या रक्तात कर्बवायूचा एकूण साठा जास्त दिसे, म्हणून रक्त अल्कधर्मी झाले असा समज होता. डॉ. इब्सेन म्हणाले, श्वास अपुरा पडतो आहे. डॉ. अॅस्ट्रुप यांनी सामू मोजला, तो रक्त आम्ल निघाले! मग वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रोग्यांना श्वास देऊ लागले व पुष्कळ जण वाचले.

आजचे यंत्र दोनतीन मिनिटांत आकडा देते. पण उकिरड्याशेजारची माती पाठवली तर प्रयोगशाळा तरी काय करणार? इथेही बहुतेक चुका नमुन्यातच होतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर खालावलेला प्राणवायू वाढून दिसतो, कर्बवायू कमी दिसतो, म्हणजे रोगी आहे त्यापेक्षा बरा भासतो. ही चूक सर्वांत घातक. धमनीऐवजी शिरेचे रक्त आले तर उलट घडते. रक्त तसेच पडून राहिले तर त्यातील पेशी प्राणवायू खात राहतात, म्हणून नमुना अर्ध्या तासाच्या आत यंत्रावर गेला पाहिजे. न गोठण्यासाठी घातलेले पातळ हेपॅरिन जास्त झाले तरी आकडे बिघडतात.

यंत्राचेही दुखणे असते. ते रक्त ३७ अंशांवर ठेवून मोजते. बारीक नळीत गुठळी अडकली किंवा पातळ पडद्यावर प्रथिनांचा थर बसला की आकडा सरकतो. म्हणून ठाऊक असलेल्या द्रावणाशी ते वरचेवर पडताळावे लागते. दूध डेअरीतले फॅटचे यंत्र पडताळतात तसेच. वीज जाऊन आली की पुन्हा पडताळणी आली.

रोग्याचे ओठ निळे आणि कागदावर आकडे उत्तम, असे दिसले तर शहाणा डॉक्टर कागद बाजूला ठेवतो व पुन्हा रक्त मागतो. अशा वेळी "पैसे काढायला दुसऱ्यांदा टोचतात" म्हणून कृपा करून हुज्जत घालू नका. रक्त घेताना प्राणवायूचा मास्क लावलेला होता की नुकताच काढला होता, हे सांगा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास तेही आधीच सांगा. टोचलेली जागा निदान पाच मिनिटे घट्ट दाबून धरावी. गोळ्या घेणाऱ्यांनी त्याहून अधिक वेळ.