आपल्या ध्वजाचे रंग कोणाचे?

आपल्या राष्ट्रध्वजांत कोणते रंग आहेत असें विचारलें, तर लहानसें मूलही उत्तर देईल. परंतु ते रंग कोणाचे, असें विचारलें तर पुष्कळ मोठीं माणसेंही चुकतील. केशरी अमक्यांचा, हिरवा तमक्यांचा, असें म्हणणारे लोक नेहमीं भेटतात. हा समज कोठून आला व तो कां टाकून द्यावा लागला, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इ. स. १९२१ मध्यें पिंगली वेंकय्या यांनीं बेझवाडा, म्हणजे हल्लींचें विजयवाडा, येथें महात्मा गांधींस ध्वजाचा एक नमुना दाखविला. त्यांत तांबडा आणि हिरवा असे दोनच रंग होते; पहिला हिंदूंचा, दुसरा मुसलमानांचा. जालंदरचे लाला हंसराज यांनीं त्यावर चरखा असावा असें सुचविलें होतें. इतर धर्मीयांसाठीं पांढरा पट्टा असावा, असें गांधीजींनीं ठरविलें. शीख, पारशी, यहुदी आणि आम्ही ख्रिस्ती असे सारे त्या एका पट्ट्यांत आलों.

या चरख्याच्या ध्वजासाठीं लोकांनीं कष्ट सोसले. १९२३ सालीं नागपुरास सिव्हिल लाईन्स भागांत ध्वज नेण्यास सरकारनें मनाई केली, तेव्हां झेंडा-सत्याग्रह सुरू झाला. त्यांत शेंकडों सत्याग्रही तुरुंगांत गेले. पुढारी जमनालाल बजाज यांसही शिक्षा झाली.

प्रत्येक समाजास रंग देण्यामागील हेतु चांगला होता. परंतु घरांतील भिंती वांटून घेतल्या कीं, कोणाची भिंत मोठी यावरून भाऊ भांडूं लागतात. तसेंच येथें झालें. शीख बांधवांनीं आपलाही रंग असावा अशी मागणी केली. ती गैर कशी म्हणावी? पण एवढ्या मोठ्या देशांत प्रत्येकास पट्टा द्यावयाचा, तर पट्टे तरी किती करणार? १९३१ सालीं काँग्रेसनें या प्रश्नासाठीं समिति नेमली. सबंध ध्वज केशरी असावा, ही तिची शिफारस मान्य झाली नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मुंबईच्या बैठकींत केशरी, पांढरा आणि हिरवा असा क्रम ठरला, आणि या रंगांना जातिधर्माचा अर्थ नाहीं असें स्पष्ट सांगण्यांत आलें. केशरी रंग धैर्य व त्याग यांचा, पांढरा सत्य व शांति यांचा आणि हिरवा श्रद्धा व वीरवृत्ति यांचा मानला गेला.

पुढें २२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें पंडित जवाहरलाल नेहरू यांचा ठराव मान्य करून आजचा ध्वज स्वीकारला. चरख्याचें चित्र ध्वजाच्या दुसऱ्या बाजूनें उलटें दिसतें. चक्र मात्र दोन्हीं बाजूंनीं सारखेंच असतें. म्हणून चरख्याच्या जागीं सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शिरोभागावरील चक्र निळ्या रंगांत घेतलें गेलें. त्याला २४ आरे आहेत. डॉ. राधाकृष्णन यांनीं त्या प्रसंगीं त्याचा अर्थ सांगितला, तो असा कीं, हें धर्माचें, म्हणजे नीतिनियमांचें चक्र असून तें गतीचेंही चिन्ह आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्याग ही एका समाजाची मिरास आहे काय? सत्य कोणा एका धर्मानें विकत घेतलें आहे काय? ज्या भूमीच्या धान्यावर आपण सारे जगतों, तिचा हिरवा रंग तरी एकाचाच कसा असेल? मुसलमान विद्यार्थ्यानें केशरी पट्ट्याकडे आणि हिंदु विद्यार्थ्यानें हिरव्या पट्ट्याकडे परकेपणानें पाहूं नये. ख्रिस्ती विद्यार्थ्यानेंही, आपणांस मधला पट्टा मिळाला, एवढ्यावरच संतुष्ट राहूं नये. तीनही रंग प्रत्येकाचे आहेत, आणि त्यांनीं सांगितलेलें कर्तव्यही प्रत्येकाचें आहे.

२६ जानेवारी २००२ पासून कोणाही नागरिकास वर्षांतील कोणत्याही दिवशीं हा ध्वज सन्मानपूर्वक फडकवितां येतो. त्यामुळें त्याचा मान राखण्याचा भार आतां घरोघरीं आला आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशीं रस्त्यांत कागदी ध्वज पडलेला दिसला तर तो उचलावा, हें मुलांस शिकवावें. आणि घरांत कोणी रंगांची वांटणी करूं लागला तर १९३१ सालची हकीकत त्यास सांगावी, एवढीच पालकांस विनंति आहे.