वैनगंगेचे गोटे तापवताना

प्रश्न : मुलांनी वैनगंगेतून गुळगुळीत गोटे आणले आहेत. ते तापवून त्यांवर मेणाचे खडू वितळवायचे आहेत. गॅसवर तापवले तर चालेल का?
– एक पालक, पवनी

उत्तर : गॅस, चूल किंवा मायक्रोवेव्ह अजिबात नको. नदीतल्या गोट्याच्या बारीक भेगांत पाणी मुरलेले असते. त्याची वाफ सुमारे १,७०० पट जागा मागते. तिला वाट मिळाली नाही, तर गोटा फुटून कपच्या डोळ्यांत उडू शकतात.

मुळात इतकी उष्णता लागतच नाही. मेणाचे खडू साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतात. भेगा किंवा पापुद्रे नसलेले, मुठीएवढे गोटे निवडा आणि आठवडाभर कडक उन्हात वाळवा. मे महिन्यात दुपारी गच्चीवर ठेवलेला काळा गोटा खडू मऊ करण्याइतका तापतो. एरवी थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू ९० अंशांपर्यंत न्या, अर्धा तास ठेवा.

गोटे मोठ्यांनीच चिमट्याने काढून कोरड्या, जाड सुती कापडावर ठेवावेत. मुलांनी अख्खा लांब खडू वापरावा, गोट्याला हात लावू नये. तापलेल्या गोट्यावर पाणी ओतू नका. चटका बसलाच, तर २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट लावू नका.