एकमेकांची ओळख व्हावी म्हणून

मुलगा शिक्षणासाठी परदेशी निघाला की जालन्यातील आईबापांना पहिली धास्ती त्याच्या दीनची वाटते. ती रास्तच आहे. तरीही डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांच्याकडे पाहा. जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीत ते १९०८ मध्ये जन्मले. उस्मानिया विद्यापीठानंतर बॉन व पॅरिस येथे शिकले. पुढे पॅरिसवासी झालेल्या या विद्वानाचा कुरआनचा फ्रेंच अनुवाद १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या भाषेत दीन सांगायचा तर घरची रूढी कोणती व अल्लाहचा आदेश कोणता, हे आधी स्वतःलाच निवडावे लागते. घरी बसून हा प्रश्न सहसा पडत नाही. माणसांची राष्ट्रे व कबिले परस्परांच्या ओळखीसाठीच केली, असे सूरह हुजुरात (४९:१३) सांगते. परतलेल्या मुलाने एखाद्या रिवाजाचा आधार विचारला, तर रागावण्याआधी त्याच्यासोबत कुरआन उघडा.