परीक्षा ज्ञानाची, दृष्टीची नव्हे

उत्तर ठाऊक असूनही प्रश्न वाचता न आल्याने उत्तरपत्रिका कोरी राहिली, तर परीक्षा कशाची झाली? २०१८ सालच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी अंध परीक्षार्थीस ब्रेल, मोठा टाईप, संगणक अथवा ध्वनिमुद्रण यांतून मार्ग निवडण्याची मुभा दिली व तासामागे किमान २० मिनिटे अधिक नेमिली. एनव्हीडीए ही विनामूल्य संगणकप्रणाली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. परंतु डोळा मागील ओळीवर क्षणात परततो, कानास ती पुन्हा ऐकावी लागते. म्हणूनच तो वाढीव वेळ. भूमितीच्या आकृतीचे मात्र शब्दांत वर्णन द्यावे लागते. यंत्राची पहिली ओळख परीक्षेच्या दिवशी होऊ नये. यास्तव सीवूड्समधील पालकांनीही वर्षारंभीच शाळेस कळवावे व मुलाकडून सराव करवून घ्यावा. ही कृपा नव्हे, न्याय आहे.