ठशातील उलटे अक्षर

चित्रकलेच्या तासाला चौथीच्या मुलांनी आधी जलरंगात पाने रंगविली व मग बटाट्याचे ठसे उमटविले. एका मुलीने आपल्या नावाचे 'ग' हे आद्याक्षर कोरले; पण कागदावर त्याचा काना डावीकडे आला. तिने कागद चुरगाळला. गुरुजींनी तो उलगडून ठशाशेजारी ठेवला व "काय दिसते?" एवढेच विचारले.

पुढे तिने वहीत लिहिले : "रंगविताना काढले तसेच दिसते. ठशात डावे ते उजवे होते. कोरले ते पांढरे राहते, उरते तेच रंग घेते. म्हणून आधी विचार करावा लागतो."

शिळाछापातही दगडावर थेट काढलेले अक्षर उलटेच असावे लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यात चित्रे शिळाछापानेच छापली जात.

तेव्हा शिक्षकांनी असा कागद चुकीचा ठरवून टाकून देऊ नये. बटाटा स्वतः कापून द्यावा. अक्षर पातळ कागदावर लिहवून, तो पालथा करून, दिसेल तसे बटाट्यावर गिरवावयास सांगावे. मात्र पहिला ठसा उलटा उमटू द्यावा. कारण मुलाचे मुलासच सापडू द्यावे.