नीट हुकली म्हणून जीवशास्त्र सोडू नका

नीटचा निकाल लागला की ठाण्यातल्या कोलशेत, ढोकाळी, मानपाड्यातून पालकांचे तेच फोन येतात: "मार्क कमी पडले. अजून एकदा बसवायचं का?" मुलीला मनापासून हवं असेल, तर एकदा जरूर. तिसऱ्यांदा मात्र नको. तिचं वय तुमच्या हट्टावर खर्च करू नका. फार्मसी, फिजिओथेरपी, नर्सिंगची माहिती कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते कुणीच विचारत नाही: कॅन्सर समजून घ्यायला आज इकॉलॉजी शिकलेली माणसंही लागतात.

कोलशेतच्या खाडीवर भरतीच्या वेळी जा. तिवराच्या बिया पाण्याबरोबर कुठेही वाहत जातात, रुजतात मात्र मानवेल त्याच चिखलात. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून हेच मांडलं: कॅन्सरची पेशी म्हणजे बी, अवयव म्हणजे जमीन. अमेरिकेत रॉबर्ट गेटनबी यांनी कॅन्सरच्या उपचारासाठी किडनियंत्रणातून धडा घेतला. एकच औषध सतत फवारलं की त्याला दाद न देणारी कीडच उरते. म्हणून गेटनबी औषधाला बळी पडणाऱ्या थोड्या पेशी मुद्दाम राखतात. या राखलेल्या पेशी चिवट पेशींना पसरू देत नाहीत. चाचण्या चालू आहेत, पण हा विचार शेतातून आला आहे.

वनस्पतिशास्त्रातून कॅन्सरकडे जाणारा रस्ता आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या कमल समर्थ यांनी डॉक्टर व्हावं, अशी वडिलांची इच्छा होती. पण कमल यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र घेतलं, सीताफळाच्या कुळावर एमएस्सी केली. त्याच पुढे डॉ. कमल रणदिवे झाल्या. परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, पुढे त्या केंद्राच्या प्रभारी संचालक झाल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या केंद्राचा वारसा आज खारघरचं ॲक्ट्रेक चालवतं.

हा रस्ता लांब आहे. पाच वर्षं बीएस-एमएस, मग पीएचडी. पैसा उशिरा येतो, हे घरात आधीच बोलून घ्या. बीएस-एमएस शिकवणाऱ्या पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असते; तिचा फॉर्म नीटच्या निकालाची वाट पाहत नाही. त्या परीक्षेत जीवशास्त्राइतकंच गणितही असतं. पेशी किती वेगाने वाढतील, हे गणिताशिवाय मांडता येत नाही.

अकरावीचा फॉर्म भरताना "डॉक्टरच व्हायचंय, गणित कशाला?" म्हणत तुम्ही मुलांचं गणित काढून टाकता. या वर्षी ते राहू द्या.