पाऊणकी येणाऱ्यांची प्रश्नमंजुषा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा प्रश्नमंजुषा होते आणि ती घ्यायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. शाळेत भूगोल शिकवण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड जुनीच. बाजारात मिळणारी सामान्यज्ञानाची पुस्तकं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी असतात. आमची मंडळी त्यातल्या दोन प्रश्नांनंतर चहाची चौकशी करायला लागतात. म्हणून प्रश्न मीच जमवते. सत्तरी-ऐंशीच्या माणसांना मागच्या काळातलं काय विचारावं आणि कसं विचारावं, याचे माझे काही ठोकताळे झाले आहेत.

१. सन विचारू नये. ‘कोयनेचा भूकंप कोणत्या साली झाला?’ असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. तेच ‘त्या वेळी तुम्ही जागे होता की झोपेत?’ असं विचारलं, तर सगळ्यांचे हात वर होतात, कारण भूकंप झाला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. कोणी अंगणात पळालेलं असतं, कोणाच्या फळीवरची भांडी खाली आलेली असतात. मग थंडी होती, नाताळची सुट्टी लागायची होती, धाकट्याचा जन्म त्याच्या आदल्या वर्षीचा, असं करत करत मंडळी स्वतःच ११ डिसेंबर १९६७ पर्यंत येऊन पोचतात. पानशेतच्या पुराचंही तसंच. १२ जुलै १९६१ ही तारीख पाठ असलेले थोडे, पण पाणी दिवसाउजेडी आलं आणि पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं, हे पुण्यात वाढलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारावं.

२. समोरच्यांची वयं काढावीत आणि मग वजाबाकी करावी. माणसाला साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं सगळ्यात जास्त आठवतं, असं स्मृतीचे अभ्यासक सांगतात. मला त्याचा पडताळा दर महिन्याला येतो. १९४५ साली जन्मलेल्यांना गोवामुक्ती, चीनचं युद्ध, शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते, वाडेकरच्या संघाने १९७१ साली आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली ते, असं विचारावं. १९५८ च्या माणसाला यातलं निम्मं ऐकीव. त्याच्यासाठी आणीबाणी, १९८३ चा विश्वचषक, ‘हम लोग’. संघातले सगळे ‘ज्येष्ठ’ एकाच वयाचे असतात, हा तरुणांचा गैरसमज आहे.

३. हिशेबाचे प्रश्न सगळ्यात जास्त रंगतात. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे हे प्रश्न तासभर पुरतात.

१ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. रुपयाचे एकदम शंभर पैसे झाल्यावर एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे ठरला. सव्वाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारने तक्ताच छापला: एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. माझा आवडता प्रश्न यातूनच निघाला आहे. एकेक आण्याच्या तीन वस्तू एकदम घेतल्या तर किती नवे पैसे, आणि तीन वेळा दुकानात जाऊन घेतल्या तर किती? एकदम घेतल्या तर १९ आणि तीन खेपा घातल्या तर १८. किराणा दुकानात वाढलेल्या आमच्या एका काकांनी हे उत्तर प्रश्न संपायच्या आत दिलं. वर सांगितलं, ‘अहो बाई, पोरं मुद्दाम तीनदा यायची, मी बघितलंय.’

भोकाचा पैसा आठवतो का, हे विचारावंच. तो १९४३ ते १९४७ या काळातला. युद्धामुळे धातूची टंचाई होती, म्हणून मधून भोक पाडलेला. करदोट्यात ओवून लहान मुलांच्या कमरेला बांधलेला तो बहुतेकांनी पाहिलेला असतो.

मग पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. हे पाढे पाठ करायला लावणाऱ्या मास्तरांना आमच्यापैकी पुष्कळांनी मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, पण रुपया सोळा आण्यांचा आणि मण चाळीस शेरांचा असला की अपूर्णांकाशिवाय बाजारात पाऊल ठेवता येत नाही. ‘साडेतीन आणे शेर, अडीच शेर घेतले, किती झाले?’ नातवंडं मोबाइल काढतात. इकडे पांढऱ्या केसांची आजी औटकीचं अर्धवट गुणगुणून ‘पावणेनऊ आणे’ म्हणते आणि लगेच फोड करते, आठ आणे तीन पैसे. टाळ्या तिलाच.

वजन-मापाच्या प्रश्नात मात्र जपून. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, इथपर्यंत एकमत असतं. पायल्यांचा मण कितीचा यावर भांडण ठरलेलं, कारण कुठे तो बारा पायल्यांचा होता, कुठे सोळा. दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत आणि पुढे जावं.

४. प्रश्नाला काळाची खुंटी मारावी. ‘ग्रह किती?’ याचं आमच्या शाळेतलं उत्तर नऊ. ऑगस्ट २००६ मध्ये प्लुटोला त्या यादीतून काढलं आणि आठ उरले. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ आज ३६, पण १ मे १९६० ला २६ होते, आणि आमच्यातल्या अनेकांनी तेच घोकले. म्हणून मी ‘राज्य झालं त्या दिवशी’ असं स्पष्ट म्हणते. जुन्या नावांची तर वेगळी फेरीच घेते: पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश, दक्षिण सातारा, चांदा, कुलाबा. यांची आजची नावं जळगाव, धुळे, सांगली, चंद्रपूर, रायगड. जुनं उत्तर चूक नसतं, ते त्याच्या काळात बरोबर होतं. असं म्हटलं की चिडलेली माणसं निवळतात.

५. गाव बदललं की कागद बदलावा. मुंबई-पुण्याकडच्यांसाठी लिहिलेले प्रश्न मी एकदा मराठवाड्यातल्या मंडळींपुढे ठेवले. तिथे स्वातंत्र्याची आठवण १५ ऑगस्टपेक्षा १७ सप्टेंबर १९४८ ची जास्त ठळक, आणि नाण्यांचा विषय निघाला की निजामाचा हाली शिक्का आधी येतो. नागपूरकडचे वडीलधारे त्यांचं शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, हे तुम्हाला विसरू देत नाहीत. कोकणातल्यांना रामदास बोटीबद्दल मी गुणांसाठी कधीच विचारत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात कोणाचे तरी आजोबा-मामा असतात.

६. बायकांना क्रिकेट आणि मंत्रिमंडळं विचारून गप्प बसवू नये. बहुतेक प्रश्नमंजुषा पुरुषांच्या वर्तमानपत्रातून निघतात, हे माझं ठाम मत. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी परदेशी ज्वारी कोणती? मिलो, आणि तिच्या भाकरी कशा व्हायच्या हे त्यानंतर दहा मिनिटं ऐकावं लागतं. रोजगार हमीच्या कामावर काय वाटायचे? सुकडी. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या पुढारी कोण? मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर. स्टोला पिन कधी मारायची, डालड्याच्या रिकाम्या डब्याचे उपयोग किती, यांना अधिकृत उत्तर नाही. एकमेकींनीच गुण द्यायचे.

७. गाणी शेवटी. गीतरामायणातली गाणी किती, या प्रश्नाचं उत्तर ५६. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने ती आठवड्याला एक अशी ऐकवली. पण उत्तर येण्याआधीच कोणीतरी सूर लावतं आणि पुढचा कार्यक्रम बारगळतो. ‘आपली आवड’, ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’, टेकाडे भावजींचं ‘पुन्हा प्रपंच’ या रेडिओवरच्या कार्यक्रमांचंही तसंच. कागदावरचे प्रश्न संपलेले असले तरच रेडिओला हात लावावा.

८. घड्याळ लावू नये. नाव ओठावर येऊन अडकतं, ते घाईने आणखी आत जातं. पहिलं अक्षर सांगावं, नाहीतर तीन पर्याय द्यावेत. ऐकलेलं ओळखणं आठवण्यापेक्षा सोपं. अक्षरं मोठी काढावीत, प्रश्न दोनदा वाचावा, कोणालाही बाद करू नये.

९. आणि अफवांची एक फेरी ठेवावीच. जे खरं घडलं त्याच्याइतकंच जे घडणार म्हणून सगळे घाबरले, तेही सामान्यज्ञान आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही आली, तेव्हा जग बुडणार म्हणून यज्ञ झाले. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब हे अवकाशस्थानक आपल्याच कौलांवर पडणार होतं. त्याचे तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. ‘तुम्ही त्या दिवशी काय केलंत?’ या प्रश्नाला आमच्याकडे विज्ञान शिकवलेल्या एका सरांनी खाली मान घालून उत्तर दिलं, ‘वाटी घेऊन रांगेत होतो. बायकोने पाठवलं.’ त्यांना पैकीच्या पैकी गुण.

या फेरीनंतर मी नोटांचंही विचारते. मोरारजींच्या सरकारने १६ जानेवारी १९७८ ला तीन मोठ्या नोटा रद्द केल्या, त्या कोणत्या? हजार, पाच हजार, दहा हजार. उत्तर बरेच जण देतात. मग मी विचारते, दहा हजारांची नोट कोणी हातात धरली होती? मागच्या खेपेला बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा हात अर्धा वर आला. सगळे वळून बघायला लागले तसा त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, ‘माझी नव्हती हो.’